निरोगी नळ्यांची चोरी

१

निरोगी माणसाचं रक्त कोण चोरतं हो?

सकाळी मास्तरांचा फोन आला तेव्हा मी कुंडीतली माती उकरत होते. मातीच्या हातानेच फोन कानाला लावला. मास्तर म्हणजे आमच्या जुन्या प्रयोगशाळेतले सगळ्यात मुरलेले तंत्रज्ञ. त्यांचा आवाज कधी चढत नाही की उतरत नाही. आज मात्र तो थरथरत होता.

"बाई, फ्रीजरमधून चोरी झाली. कुलूप शाबूत आहे. आजारी सीरमच्या महागड्या बाटल्या जागच्या जागी आहेत. फक्त निरोगी रांग गेली, अख्खीच्या अख्खी. आणि साहेब मलाच म्हणतात, हे तुमचंच काम. संध्याकाळपर्यंत कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"मास्तर, शुद्धीवर आहात ना?"

"मी आहे. साहेबांचं माहीत नाही."

साहेब म्हणजे माझाच विद्यार्थी. ती प्रयोगशाळा मी उभी केली आणि निवृत्त होताना त्याच्या हाती दिली, पोटच्या पोरावर टाकावा तसा विश्वास टाकून. मी हात धुतले, चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

ह्या कामाशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. काही माणसांच्या सीरममध्ये स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटीबॉडी असतात. घरच्या राखणदार कुत्र्याने घरच्यांनाच चावावं तशातला प्रकार. त्या शोधणं हे आमचं काम. एका काचेवर माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावर रुग्णाचं सीरम टाकायचं, धुवायचं, मग चमकणारा रंग टाकून परत धुवायचं. उलटलेली अँटीबॉडी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्यागार चमकतात, नसेल तर अंधार. पण चाचणी नीट झाली की नाही हे कसं कळणार? म्हणून दर वेळी शेजारी ताडून बघायला दोन सीरम लावायची, त्यांना कंट्रोल म्हणतात. एक हमखास चमकणारं, म्हणजे आजारी माणसाचं. दुसरं हमखास न चमकणारं, म्हणजे निरोगी. आजारी सीरम बाहेरून कंपनीकडून मागवावं लागतं आणि ते जिवापाड जपावं लागतं. निरोगी सीरमचं कुणाला काय? ते आम्ही आमच्याच दंडातून काढतो.

म्हणजे चोराने दागिने ठेवले आणि पायपुसणं नेलं. मी वाटेभर स्वतःशीच पुटपुटत होते, मला काही केल्या हे पटत नव्हतं.

फ्रीजरची खोली मी सोडली तशीच होती: लांबोडकी, बिनखिडकीची, कोपऱ्यात तीच कुरकुरणारी खुर्ची. मास्तरांनी दार उघडलं. धुकं ओसरल्यावर दिसलं, वरच्या कप्प्यात 'आजारी'च्या बाटल्या शिस्तीत उभ्या. खालचा कप्पा रिकामा. बर्फात नळ्यांचे गोल ठसे तेवढे उरले होते.

"बाई," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. ही इथली नवी तंत्रज्ञ. सगळे तिला धाकटी म्हणतात. चेहरा पांढराफटक. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या निरोगी नळ्यांतली एक निरोगी नव्हती."

२

मी तिला त्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसवलं, कारण तेव्हाच माझं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. पाचवा महिना तरी असावा.

ती सांगू लागली. नवीन चाचणी बसवायची होती, त्यासाठी निरोगी रांग नव्याने भरायची ठरली. साहेब परिषदेला गेले होते, म्हणून हे काम मास्तरांनीच उरकलं. ह्या मजल्यावरच्या सगळ्यांनी रक्त दिलं: मास्तर, धाकटी, काउंटरवरची ताई आणि शेजारचे एक्स-रेवाले. पद्धत माझ्याच काळातली. रक्त काढलं की नळ्या एका टोपलीत मिसळायच्या, मगच त्यांच्यावर नंबर घालायचे. कुणाची नळी कोणती, हे काढणाऱ्यालाही कळू नये आणि देणाऱ्यालाही. उगाच एखाद्याचं आजारपण चहाच्या टपरीवर चघळलं जायला नको, म्हणून मीच ही शिस्त लावली होती. मोठी हुशार समजत होते मी स्वतःला.

"काल मी रांग काचेवर लावली," धाकटी म्हणाली. "सगळीकडे अंधार, आणि सात नंबर लखलखीत. मला वाटलं, माझ्याच हातून चूक झाली. म्हणून सातवी नळी पट्टीवरही लावून पाहिली." पट्टी म्हणजे कोणती अँटीबॉडी आहे ते रेघेने सांगणारी दुसरी चाचणी. "बाई, रो ची रेघ उमटली. गडद."



रो ही मोठी कावेबाज अँटीबॉडी. जिच्या अंगात ती असते ती बाई कित्येकदा ठणठणीत असते, साधी सर्दीसुद्धा नसते तिला. पण ती गरोदर राहिली की ही अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि कधीकधी त्याच्या एवढ्याशा हृदयाच्या ठोक्यांची वाटच बंद करते. सगळ्या बाळांना होत नाही, शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं. पण आईला आधी माहीत असेल तर दर आठवड्याला ठोके बघता येतात, औषध देता येतं, जन्माची तयारी नीट करता येते. आणि माहीत नसेल तर बाळ जन्मल्यावरच कळतं, तेव्हा धावपळ करूनही बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

"कुणाला सांगितलंस?"

"मास्तरांना सगळं सांगितलं. आज सकाळी परत लावून बघू म्हणाले. मग मी साहेबांना सांगायला गेले, तर 'निरोगी रांगेत रो आलीय' एवढंच ऐकलं त्यांनी आणि म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, जा. नंबर सांगायचंही राहिलं." ती पदराशी चाळा करत होती. "आणि सकाळी नळ्याच नाहीत. बाई, ती नळी माझी असेल तर?"

 चोराने नुसतं सीरम नेलं नव्हतं. कुणाच्या तरी बाळाला मिळायची ताकीदच त्याने पळवली होती.

३

साहेबाची खोली तेवढी बदलली होती. भिंतीवर मानपत्रं, कपाटात ढाली. मला बघून तो उठला, पाया पडला. त्याचे डोळे मात्र लाल होते.

"मास्तरांनी तुम्हाला उगाच धावाधाव करायला लावली. सरळ गोष्ट आहे, बाई. मी नसताना न विचारता रांग भरली, मग फ्रीजरचं दार नीट लावलं नाही, नळ्या वितळल्या आणि अंगाशी येईल म्हणून टाकून दिल्या. किल्ली दोघांकडेच आहे, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे."

"आणि तो सात नंबर?"

"कसला सात नंबर?" तो म्हणाला. "पोरीचा हात बसलेला नाही अजून. कुठेतरी सीरम सांडलं असेल शेजारी."

"मग आपण सगळ्यांचं रक्त परत घेऊ. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, निकाल फक्त त्यालाच सांगायचा. दुपारपर्यंत सोक्षमोक्ष लागेल."

त्याने पेन उचललं, परत ठेवलं. "लोकांना आपण वचन दिलंय, बाई. नाव कळणार नाही असं. तुमचाच नियम आहे."

माझाच नियम माझ्याच तोंडावर. मला राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं, मास्तरीणच ना मी शेवटी.

तिथून मी मास्तरांना गाठलं. ते काचा धुवायच्या भांड्यांपाशी उभे होते, हाताला काम असलं की त्यांना बरं वाटतं. मी विचारलं, खरंच तुम्ही फ्रीजर उघडा ठेवलात का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचीच लाज वाटली.

"बाई, मला नळ्या लपवायच्याच असत्या तर साहेबांना मीच सकाळी 'रांग गेली' म्हणून का सांगितलं असतं?"

"भांडण झालं होतं ना तुमचं?"

"झालं. रांग मला न विचारता का भरली म्हणून परिषदेहून आल्या आल्या कडाडले माझ्यावर. रांग भरली म्हणून एवढं? आमचं काम काय वाईट आहे का? तुम्हीच बघा." ते बोलता बोलता फुलले. "आसपासच्या कोणत्याही प्रयोगशाळेचा आजारी कंट्रोल प्रत्येक खेपेला थोडा तरी बदलतो, कधी फिका, कधी भडक. आमचा बदलत नाही. कंपनीची खेप आली की साहेब आतल्या खोलीत एकटे बसून तिच्या लहान बाटल्या भरतात, आम्हाला हातही लावू देत नाहीत. पण वर्षानुवर्षं चमक तशीच्या तशी. बाकीचे येऊन विचारतात, कसं जमतं हो तुम्हाला."

"कसं जमतं?"

"साहेबांचा हात," ते म्हणाले. मग घुटमळले. "मी पण ह्याचाच विचार करतोय, बाई. कंपनीच्या प्रत्येक खेपेत रक्त वेगवेगळ्या आजाऱ्यांचं असतं ना?"

 

४

काउंटरवरची ताई सगळ्यांची लाडकी. रक्त द्यायला आलेला रडका बाप्या असो की घाबरलेली म्हातारी, ही बोलण्यात गुंतवते आणि सुई कधी टोचली तेही कळू देत नाही. मास्तर मला म्हणाले होते, तिचं बाळ गेल्यापासून धाकटीची जरा जास्तच काळजी घेते. खरंच, आत्ताही ती एका हाताने पावती फाडत होती आणि दुसऱ्या हाताने धाकटीच्या पाठीमागे उशी सरकवत होती.

"अगं, मी सगळ्यांचं रक्त परत घेतेय," मी म्हटलं. "कुणाची जबरदस्ती नाही."

"आधी माझं," धाकटी म्हणाली. तिने डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला. मास्तरांनीही बाही वर केली. एक्स-रेवाले चौघेही कुरकुरत, एकमेकांना ढकलत आले.

"आणि तू गं?" मी ताईला विचारलं.

ती हसली. "माझं कशाला, बाई? माझं तर साहेब अधूनमधून घेतातच. म्हणतात, निरोगी माणसाचं रक्त हवं असलं की तुझ्याइतकं भरवशाचं कुणाचं नाही. तुझी शीर पटकन सापडते. मी पण म्हटलं, घ्या बाबा, तेवढंच पुण्य. ह्यांच्या कामाला मी तेवढीच तर उपयोगी."

"कधीपासून घेतो?"

"झाली की वर्षं. लग्न झालं त्याच सुमारास सुरू झालं." बोलता बोलता तिने बाही दुमडली.

तेवढ्यात साहेब आपल्या खोलीतून बाहेर आला. त्याने टेबलावरच्या नळ्या पाहिल्या, ताईची दुमडलेली बाही पाहिली. "तिचं नको," तो झटकन म्हणाला. "तिचं मी नेहमी बघतो. स्वच्छ आहे अगदी. उगाच कशाला तिला त्रास?"

ताईने बाही खाली घेतली.  गरोदर पोरगी समोर बसली होती, तिचं काय निघतं ही चिंता माझ्या डोक्यात ठाण मांडून होती, आणि त्यापायी मी समोरचं दिसत असून पाहिलं नाही.

"बाई," धाकटी कानाशी कुजबुजली, "कालची काच टाकली नाही मी. साहेब ओरडतील म्हणून कुणाला बोलले नाही. फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजच्या दारात ठेवलीय. फार सुंदर चमकत होती हो ती."

५

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवे घालवले. धाकटी माझ्या उजव्या बाजूला, मास्तर डाव्या. आधी कालची काच लावली.

सातवं वर्तुळ समोर आलं. पेशींच्या मध्यभागी बारीक रवाळ हिरवा प्रकाश. रो असली की असंच काहीसं दिसतं, त्यात नवल नव्हतं. पण मला जुनी खोड आहे, मी दुभंगत असलेल्या पेशी शोधते. एका पेशीच्या दोन होताना बहुतेक सगळे लोक तिकडे बघतच नाहीत. एक सापडली. तिच्या दोन टोकांना दोन लख्ख ठिपके होते, अंगणाच्या दोन कोपऱ्यांत दोन दिवे लावल्यासारखे. दुसरी पेशी शोधली. तिलाही तेच दोन ठिपके.

"हे दुर्मीळ आहे," मी म्हटलं. "रो बरोबर ही दुसरी अँटीबॉडी पण आहे. दोन्ही एकाच माणसात असणं म्हणजे लाखात एखादा. ही खूणच समजा त्या माणसाची."

मग आजची काच घेतली. पहिलं वर्तुळ धाकटीचं. मी बराच वेळ पाहिलं, वर-खाली, डावी-उजवीकडे, आणि शेवटी डोळे पुसले.

"अंधार आहे गं बाळा. तुझ्यात काही नाही."

ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. मास्तर दुसरीकडे बघत राहिले. मास्तरांचं आणि एक्स-रेवाल्यांचंही वर्तुळ काळंच. मी हुश्श करून काच काढणार होते, पण सवयीने शेवटच्या वर्तुळावर गेले. तिथे नेहमीप्रमाणे आजारी कंट्रोल लावलेला होता, कंपनीच्या बाटलीतला, हमखास चमकणारा.

तो चमकत होता. बारीक रवाळ, हिरवा. आणि दुभंगणाऱ्या पेशीच्या दोन टोकांना दोन लख्ख ठिपके.

मी मागे सरकले ती खुर्चीवर आदळले. मास्तरांनी भिंगाला डोळा लावला आणि तसेच राहिले.

"बाई, हे तर तेच."

"रोज लावता ना हे तुम्ही?"

"रोज. पण कंट्रोलकडे कोण बघतं, बाई? चमकला की टिकमार्क, आणि पुढचं बघायचं." त्यांचा आवाज खोल गेला. "आमच्या बाटलीतलं कंपनीचं सीरम आणि सातव्या नळीतलं सीरम एकाच माणसाचं आहे."

६

साहेब खिडकीपाशी उभा होता. मी दार लावून घेतलं. मला ओरडायचं होतं, पण बाहेर सगळे होते, म्हणून हळूच बोलले.

"नळ्या तू नेल्यास."

"बाई, असं कसं म्हणता?"

"ऐक. सातवी नळी चमकते, हे मास्तर आणि धाकटीला माहीत होतं. त्यांना लपवायचं असतं तर सातवी एकटीच फुटली असती, हातातून निसटली म्हणून सांगितलं असतं, कुणी ढुंकून पाहिलं नसतं. अख्खी रांग कोण उचलतो? ज्याला एक चमकते हे माहीत आहे, पण कोणती ते माहीत नाही, तो. पोरगी सांगायला आली, तू अर्ध्यावर हाकलून दिलीस, नंबर ऐकलाच नाहीस. किल्ली असलेला आणि नंबर न ऐकलेला माणूस एकच आहे."

तो खिडकीचा पडदा सारखा करू लागला.

"पण हे कशासाठी, ते मला कळत नव्हतं. मग आत्ता भिंगातून पाहिलं. कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत तू वर्षानुवर्षं एकाच माणसाचं सीरम भरतोयस. म्हणून तुझा कंट्रोल कधी बदलत नाही. तू परिषदेला गेलास आणि त्या माणसाने बिचाऱ्याने हौसेने निरोगी रांगेतही रक्त दिलं. परत आल्यावर तुझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण दोन्ही शेजारी लावले की कोणीही ओळखलं असतं. आणि तो माणूस कोण, तेही तूच मला सकाळी सांगितलंस. सगळ्यांचं रक्त घेऊ दिलंस, तिचं तेवढं नको म्हणालास."

त्याने खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, हा आता नाकारेल, आणि मला देवाशप्पथ तेच हवं होतं. माझ्या हाताखाली शिकलेलं पोर ते. ह्याला मी पिपेट धरायला शिकवलं होतं.

"एकदाच घ्यायचं होतं, बाई," तो म्हणाला. "कंपनीची खेप अडकली होती, रुग्ण खोळंबले होते. त्या वेळी निरोगी रांग मीच तपासली होती, एक नळी चमकली, एकेकाचं रक्त परत घेऊन पाहिलं तेव्हा तिचं निघालं. तिला काहीच त्रास नव्हता. उगाच घाबरवायचं कशाला, म्हटलं. आणि मग... इतकं स्थिर सीरम मी कधी पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेचं नाव त्याच्यावर उभं राहिलं. मग थांबताच आलं नाही."

"रो आहे, हे माहीत होतं तुला."

"हो."

"ती गरोदर राहिली तेव्हा?"

"शंभरात एखाद्या बाळाला होतं ना, बाई. मला वाटलं, तिला नाही होणार."

 तिचं बाळ गेलं एवढंच मला ठाऊक होतं. कशाने गेलं, हे मी विचारलंच नव्हतं.

"बाळ कशाने गेलं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ठोके मंद होते."

"आणि मग तरी? मग तरी सांगितलं नाहीस?"

"मग कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

 तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी लावलेलं दार पुरतं बसलंच नव्हतं. फटीत ताई उभी होती, हातात मास्तरांना कामावरून कमी करायचा कागद, साहेबाच्या सहीसाठी आणलेला.

७

ती रडली नाही, ओरडली नाही. आत आली, कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेटही ठेवलं. मला वाटतं, हात आपसूक चालत होते तिचे.

"म्हणजे माझं रक्त निरोगी नाही," ती म्हणाली.

मग ती साहेबाकडे वळली.

"सातव्या महिन्यात तुम्ही रक्त घेतलंत, साहेब. मला चक्कर आली होती. तुम्ही स्वतः ग्लुकोजचं पाणी करून दिलंत. म्हणालात, जप स्वतःला." ती त्याच्याकडे नीट बघत होती, जणू हा माणूस आधी कधी पाहिलाच नव्हता. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्याने होय म्हणून मान हलवली. नुसती हलवली.

"घरी सगळे म्हणाले, माझ्यातच काहीतरी कमी पडलं. सासूबाई म्हणाल्या, काउंटरवर उभी राहत होतीस म्हणून. मी त्यांचं खरं मानलं. रोज इथे येऊन उभी राहिले आणि रोज मनाशी म्हटलं, तेव्हा बसायला हवं होतं." मग तिने मला विचारलं. "बाई, माहीत असतं तर वाचलं असतं का हो माझं बाळ?"

मी खोटं बोलले असते. तिच्यासाठी बोलले असते. पण आजच्या दिवशी त्या खोलीत आणखी एक खोटं मला सांगवेना.

"नक्की नाही सांगता येत, बाळा. पण ठोके बघितले असते. जन्मायच्या आधीच डॉक्टर तयार राहिले असते. यंत्र लावून ठोके चालवता येतात. त्याला संधी मिळाली असती."

तिने मान डोलावली. खाली बघून ओढणी सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात, पावती फाडताना बोलते तसं, म्हणाली, "मागच्या आठवड्यात तुम्ही रक्त घेतलंत ना, साहेब, तेव्हा मला तिसरा महिना लागला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसले होते म्हणून."

साहेब मटकन खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे बघायला संस्थेचे संचालक होते, चौकशी होती, मास्तर होते, आणि ते सगळं त्याच दुपारी सुरू झालं. फोन मीच केला, त्याच्याच टेबलावरून, त्याच्यादेखत. मास्तरांचा कागद मी फाडला. पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मी फक्त मनात हिशेब करत होते. तिसरा महिना. बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवायची वेळ चौथ्या महिन्यापासून येते. म्हणजे उशीर झालेला नाही.

तेच मी तिला सांगितलं. ज्यांचं एक बाळ असं गेलंय त्यांना धोका जास्त असतो, हेही सांगितलं. औषध आहे, त्याने धोका कमी होतो, नाहीसा होतो असं नाही, हेही सांगितलं. दर आठवड्याला सोनोग्राफी, लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर पहिल्यापासून सोबत. तिने एकही प्रश्न विचारला नाही. ऐकत होती की नाही, मला कळेना.

मग ती उठली आणि रक्त घ्यायच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिथे धाकटी होती. ताईला पाहून ती काहीतरी विचारणार होती, पण तिचा चेहरा बघून तिने नुसतीच खुर्ची पुढे केली. ताई बसली. बाही दंडापर्यंत दुमडली. आतल्या बाजूला कोपराच्या वळणात जुन्या टोचण्यांच्या बारीक खुणा होत्या, एकीला लागून एक. आजवर कुणीच नीट पाहिल्या नव्हत्या. मीसुद्धा सकाळी पाहिल्या नव्हत्या.

तिने हात माझ्यासमोर ठेवला.

"घ्या, बाई," ती म्हणाली. "ह्या वेळेला माझ्यासाठी घ्या."